बाहेरचे हँडल

मोडलेली वस्तू दुरुस्त करणे हा केवळ सोयीचा प्रश्न आहे, की त्यात काही नैतिक बंधनही असते? पहिल्यांदा ऐकणाऱ्यास हा प्रश्न रिकामटेकडा वाटेल. नळ गळतो, छत्रीची काडी तुटते, चपलेचा अंगठा निघतो. सवड आणि पैसा असला की आपण दुरुस्ती करून घेतो, नसला की पुढे ढकलतो. यात पाप-पुण्याचा संबंध कोठे आला? आम्हीही वर्षानुवर्षे असेच मानत आलो होतो. परंतु काही वर्षांपूर्वी आरे कॉलनीच्या रस्त्यावर एका पावसाळी संध्याकाळी जे घडले, त्यानंतर आमचे हे मत टिकले नाही. तो प्रसंग आणि त्यातून सुचलेले विचार वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचे एक स्नेही मरोळच्या बाजूस राहतात. त्यांच्याकडे एक जुनी, दोन दारांची, बसक्या बांध्याची स्पोर्ट्स कार आहे. त्यांच्या वडिलांनी ती घेतली तेव्हा परदेशी वकिलातींतील अधिकाऱ्यांच्या जुन्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. त्यांतलीच ही एक. गाडीचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. तिची निर्मिती फार पूर्वी थांबली आहे आणि तिचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, एवढे कळले तरी पुरे. वडिलांमागे स्नेह्यांनी ती प्रेमाने सांभाळली. रविवारी मिस्सेला जाताना ती बाहेर निघे, तेव्हा गल्लीतील मुले तिच्याभोवती गोळा होत.

या गाडीच्या चालकाशेजारच्या दाराचे बाहेरचे हँडल मोडलेले होते. एक-दोन महिने नव्हे, चांगली तीन वर्षे. हँडल जागेवर दिसे, पण ओढले की नुसतेच लुळे पडून हाती येई. दार आतून मात्र व्यवस्थित उघडे. त्यामुळे स्नेही आपल्या बाजूने आत शिरत, आडवे झुकून शेजारच्या दाराची आतली कडी ओढत आणि मग वहिनी आत बसत. पावसाळ्यात वहिनी छत्री धरून उभ्या राहत, तर उन्हाळ्यात पदर डोक्यावर घेऊन. आम्ही कधी विचारले, तर स्नेही हसून म्हणत, "चालतंय की! आतून उघडतं ना?" वहिनीही हसत; पण त्यांचे हसणे निराळे होते, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

त्या ऑगस्ट महिन्यातील संध्याकाळी स्नेही एकटेच गोरेगावहून आरेमार्गे घरी परतत होते. त्यांना मधुमेह आहे. दुपारी औषध घेतले होते, जेवण मात्र कामाच्या गडबडीत राहून गेले होते. वाटेत त्यांच्या रक्तातील साखर उतरली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडीचा वेग कमी होता, ही देवाची कृपा. ती रस्त्याच्या उजव्या अंगाला सरकत गेली आणि चालकाच्या बाजूने एका मोठ्या झाडाच्या बुंध्याला टेकून थांबली. ते दार झाडाने अडवले. पावसामुळे सगळ्या काचा वर केलेल्या होत्या. स्नेही आत मान टाकून पडले होते.

जवळच्या पाड्यातील चार-पाच तरुण धावत आले. त्यांनी मोकळ्या बाजूच्या दाराचे हँडल ओढले. ते लुळे. पुन्हा ओढले. दाराला कुलूप असावे, असे त्यांना वाटले. कोणी काचेवर थापा मारल्या, कोणी हाका मारल्या. हे दार फक्त आतून उघडते, हे सांगू शकणारा एकमेव माणूस आत बेशुद्ध होता. अखेर एका तरुणाने दगडाने पुढची लहान त्रिकोणी काच फोडली, आत हात घातला आणि चाचपडत कडी ओढली. दार उघडले. स्नेह्यांना वेळीच उपचार मिळाले आणि ते बचावले. त्या तरुणाच्या तळव्याला मात्र काच लागली होती. चार टाके पडले. हातावर पोट असलेल्या माणसाचा उजवा हात काही आठवडे बांधलेला राहिला.

आठवड्याने स्नेही त्याच्या घरी गेले. आम्ही सोबत होतो. त्यांनी पाकीट पुढे केले. तरुण संकोचून गप्प राहिला. त्याची आई दाराशी बसली होती. ती म्हणाली, "पैशाचं मागाहून बघू. ते दार आधी नीट करा, नायतर पुन्हा कुणाचा तरी हात कापायचा." रोजगार बुडाला त्याची भरपाई म्हणून पैसे तिने पुढे घेतले, आणि ते तिने घ्यावेत हेच योग्य होते. परंतु तिने क्रम लावून दिला, तो आम्हांला विसरता येत नाही. आधी दार, मग पैसे.

परतताना स्नेही एकही शब्द बोलले नाहीत. आम्ही मात्र मनाशी हिशेब मांडत होतो. त्या मोडक्या हँडलाचा त्रास तीन वर्षे कोणाला झाला? मालकाला? मुळीच नाही. त्यांचे दार उघडत होते. त्रास झाला तो बाहेर उभ्या राहणाऱ्या वहिनींना, क्वचित येणाऱ्या पाहुण्याला, आणि शेवटी एका परक्या तरुणाच्या तळहाताला. दाराला दोन हँडले असतात. आतले हँडल आत बसलेल्यासाठी असते, बाहेरचे बाहेर असलेल्यासाठी. आतले मोडले असते, तर आमच्या स्नेह्यांनी दुसऱ्या दिवशी मेकॅनिक गाठला असता. बाहेरचे मोडले होते म्हणून तीन वर्षे गेली.

हा दोष एकट्या आमच्या स्नेह्यांचा नव्हे. ज्या मोडतोडीची झळ दुसऱ्याला लागते, तिची दुरुस्ती आपल्याला तातडीची वाटत नाही. जिन्यातील दिवा गेलेला असतो. पण आपल्याला जिना पाठ असतो, पडतो तो पाहुणा. इमारतीच्या फाटकाची फळी खिळा वर काढून बसलेली असते. आपण पाय उचलून टाकतो, रक्त निघते ते दूधवाल्याच्या पोऱ्याचे. घरातील म्हातारीला ऐकू कमी येते. तिच्या यंत्राची घडी महिनोन्महिने बिघडलेली राहते, कारण न ऐकू येण्याची गैरसोय तिची, आपली नव्हे. या सर्व ठिकाणी आपण काही वाईट केलेले नसते. आपण नुसते 'चालवून घेतलेले' असते.

मराठीतील हा शब्दप्रयोग विचार करण्याजोगा आहे. 'चालवून घेणे' हा आपल्याकडे गुण मानला जातो. ओढग्रस्तीच्या संसारात वाढलेल्या पिढ्यांनी खरोखरच पुष्कळ चालवून घेतले. विटलेल्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, भांड्यांना कल्हई लावली, फुटक्या घागरीला डाग दिला, थोरल्याचा सदरा धाकट्याला घातला. परंतु नीट पाहिले तर ही सगळी उदाहरणे चालवून घेण्याची नसून दुरुस्तीची आहेत. गोधडीला टाका घालावा लागतो, कल्हईला विस्तव लागतो. काटकसर करणारा मोडलेली वस्तू हातात घेतो. चालवून घेणारा तिच्याकडे पाहण्याचे टाळतो. पहिला स्वतःचे श्रम खर्च करतो, दुसरा बहुधा दुसऱ्याचे. आपण या दोहोंना एकाच नावाने ओळखू लागलो, तेथेच आपली फसगत झाली.

आता दुरुस्तीकडे वळू. तिचा तपशील देण्याचे कारण असे, की नीतीचे पुष्कळ धडे आम्हांला त्या दिवशी एका वृद्ध मेकॅनिकच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिळाले.

त्याने प्रथम काच पूर्ण वर घेतली. काच फिरवण्याची मूठ काढली, हातटेकणीचे स्क्रू सोडवले आणि दाराचा आतला पुठ्ठा एकेक क्लिप उचकटून अलगद सोडवला. त्यामागे ओल अडवण्यासाठी लावलेला प्लॅस्टिकचा कागद होता. तो न फाडता बाजूला केला. आत पाहिल्यावर दाराची रचना स्पष्ट झाली. बाहेरचे हँडल हा नुसता दांडा असतो. त्याच्या मागील टोकाला एक सळई जोडलेली असते. ती खाली कुलपापर्यंत जाते आणि हँडल ओढले की कुलपाचा खटका सोडवते. आमच्या हँडलाचा मागचा कान, जेथे सळई अडकते तेथेच, तुटला होता.

आम्ही म्हटले, "म्हणजे हँडलच कच्चं निघालं." त्यावर तो म्हणाला, "नाही साहेब. कुलूप जाम झालं होतं, म्हणून हँडल तुटलं." त्याने कुलूप दाखवले. आतील ग्रीस वर्षानुवर्षांच्या धुळीने घट्ट होऊन डिंकासारखे झाले होते. खटका सहज सरकेना, म्हणून माणसे जोर लावीत; तो सगळा जोर हँडलाच्या बारीक कानावर येई. एके दिवशी तो तुटला. "नवं हँडल बसवलं आणि कुलूप तसंच ठेवलं, तर वर्षभरात तेही तुटेल," असे तो म्हणाला.

आम्हांला हे वाक्य मोलाचे वाटले. जेथे तुटले तेथेच दोष असतो, असे आपण धरून चालतो. घरात एखादे मूल उद्धट होते, एखादी सून रडते, एखादा कामगार संतापून काम सोडतो. तुटणारा तो, म्हणून दोषी तोच ठरतो. बहुधा जाम झालेले कुलूप आत, नजरेआड असते, आणि सगळा ताण त्यातील सर्वांत नाजूक जोडावर येत असतो. तुटलेला भाग बदलणे सोपे. कुलूप उघडून साफ करणे कष्टाचे. पण त्यावाचून दुरुस्ती पुरी होत नाही.

पुढचा प्रश्न, तुटलेल्या कानाचे काय करावे हा होता. जुन्या गाड्यांची अशी हँडले बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतलेली असतात आणि वरून क्रोमचा मुलामा दिलेला असतो. हा धातू सुमारे ३८० ते ३९० अंश सेल्सिअसलाच वितळतो. त्यामुळे नेहमीच्या वेल्डिंगने तो जोडायला गेल्यास जोड बसण्याऐवजी भागच ओघळून जातो. नुसत्या डिंकाने चिकटवला तर ओढण्याचा जोर तो सोसत नाही. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तेथे आम्ही दोन दिवस हिंडलो. फियाटची हँडले पुष्कळ दिसली. आमच्या गाडीचे एकही नाही.

अखेर मेकॅनिकच्या सांगण्यावरून एका ओताऱ्याकडे गेलो. त्याने तुटलेले तुकडे चिकटवून मूळ आकार उभा केला आणि त्यावर मेणाचा पातळ थर दिला. पितळ थंड होताना शेकडा दीडच्या आसपास आकसते. म्हणून नमुना किंचित मोठा करावा लागतो. मग वाळूच्या साच्यात पितळेचे हँडल ओतले, कानसीने घासले, मुलामा दिला. ते मूळच्याहून थोडे जड झाले. चकाकीही जराशी वेगळी पडली. शेजारी जुने हँडल धरले तर कोणालाही फरक दिसावा.

बसवताना मेकॅनिकने दोन गोष्टी केल्या. सळई जोडताना त्याने ती अगदी ताठ ठेवली नाही, किंचित सैल ठेवली. सळई सतत ताणलेली राहिली तर खटका पुरता बसत नाही आणि दार चालत्या गाडीत उघडू शकते. फार सैल राहिली तर हँडल ओढूनही खटका सुटत नाही. दुसरी गोष्ट अशी, की त्याने दार लगेच लावले नाही. दार उघडेच ठेवून पेचकसाने खटका बंद स्थितीत सरकवला, मग बाहेरचे हँडल ओढून तो सुटतो का ते पाहिले. असे दहा वेळा केले, मगच दार लावले. कारण विचारता म्हणाला, "आधी दार लावलं आणि ते उघडलं नाही, तर सगळं काम दाराच्या आत अडकतं." आपला विश्वास खरा ठरतो का, हे चुकीची किंमत अल्प असतानाच पाहून घ्यावे, हा विवेक त्याने कोठे वाचला नव्हता.

येथे एक आक्षेप आम्हांला स्वतःलाच छळत होता, तो नोंदवला पाहिजे. ज्या पाड्यात त्या तरुणाचे घर, तेथील कित्येक घरांची दारे धड लागत नाहीत. अशा ठिकाणापासून हाकेच्या अंतरावर एका चैनीच्या गाडीच्या हँडलासाठी ओतारी, मुलामा आणि मजुरी यांवर पैसे घालवावेत, हे कोणत्या नीतीत बसते? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गाडी विकून वा मोडीत काढून ते पैसे सत्कार्याला देण्याचा मार्ग स्नेह्यांना मोकळा होता, आणि तो त्यांनी पत्करला असता तर आम्ही त्यांना नावे ठेवली नसती. परंतु गाडी रस्त्यावर ठेवायची असेल, तर तिचे दार बाहेरून उघडले पाहिजे. वस्तू ठेवणे आणि तिची जबाबदारी न ठेवणे, ही तिसरी वाट नीतीत नाही. चैन हा दोष असेल-नसेल. दुसऱ्याला जखमी करणारी चैन हा निःसंशय दोष आहे. ज्याला वस्तू सांभाळणे झेपत नाही, त्याने ती सोडावी. सोडायची नसेल, तर सांभाळावी.

सांभाळणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे, हेही खरे. आपल्या देशात स्पोर्ट्स कार हा प्रकार मुळातच दुर्मीळ. गोव्यात १९९८ साली सान स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या बॉडीची गाडी बनू लागली. तिचे ११४९ सी.सी.चे इंजिन रेनो कंपनीचे होते. तीही आता बनत नाही. निर्माता थांबला, की वस्तूचा सांभाळ सर्वस्वी मालकावर आणि गल्लीतल्या कारागिरावर येतो. त्याउलट कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी पाहा. तिची निर्मिती २००० च्या सुमारास संपली, तरी तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, आणि तीही मोडली म्हणून नव्हे, वीस वर्षांची मर्यादा भरली म्हणून. तिचा प्रत्येक भाग मिळत होता आणि प्रत्येक नाक्यावरचा मेकॅनिक तो बसवू शकत होता, म्हणून ती टिकली.

वस्तू टिकू नये, असे ठरवून वागण्याचा इतिहासही जुना आहे. १९२४ साली जिनिव्हा येथे दिव्यांच्या बड्या कारखानदारांनी संगनमत केले आणि दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले. अधिक टिकणारे दिवे बनवणाऱ्यास दंड होई. अलीकडे उलट प्रवाह सुरू झाला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली मोटारींच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांनाही मिळावी असा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती यंत्रे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. युरोपीय संघाने २०२४ साली याच विषयावर निर्देश काढला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात फेकून देण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवले होते.

या सर्वांचे आम्ही स्वागतच करतो. तथापि हक्क मिळाला म्हणजे काम झाले, असे नव्हे. आमच्या स्नेह्यांना दुरुस्तीचा हक्क तीन वर्षे होता. त्यांना अडवणारा कोणी नव्हता. हक्क हा कारखानदारापुढे मांडायचा असतो. बाहेर पावसात उभ्या असलेल्या माणसापुढे आपले असते ते कर्तव्य. हक्काची भाषा आपल्याला लवकर अवगत होते, कारण तीत आपण आत बसलेले असतो.

प्राचीन ग्रीकांत एक कोडे प्रसिद्ध होते. प्लुटार्कने ते नोंदवले आहे. थीसियस या वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जतन केले; कुजलेली फळी निघाली की तिच्या जागी नवी बसे. होता होता सगळ्याच फळ्या बदलल्या. मग हे जहाज तेच की दुसरे? पितळेचे हँडल बसल्यावर स्नेह्यांच्या एका मित्रानेही असाच प्रश्न केला: "आता ही अस्सल राहिली का?" आमच्या मते, हँडलापुरता तरी या कोड्याचा फार बाऊ करण्याचे कारण नाही. हँडलाचे सगळे असणे त्याच्या कामात आहे. जस्ताचे जाऊन पितळेचे आले, काम तेच राहिले, तर कोणाचेही काही हरवले नाही.

परंतु हाच न्याय सर्वत्र लावता येईल काय? येथे आरेचाच विचार करावासा वाटतो, कारण आरे हीदेखील एका अर्थी दुरुस्तीच होती. शहराच्या दाट वस्तीतील म्हशींचे गोठे बाहेर हलवावेत आणि मुंबईला स्वच्छ दूध मिळावे, यासाठी १९४९ साली ही वसाहत वसली. दारा खुरोडी हे या कामाचे धुरीण. १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी वसाहतीचे उद्घाटन केले. सुमारे ३१६० एकरांवर ३२ गोठे उभे राहिले, गवताची कुरणे झाली, झाडे लावली गेली. ज्या जमिनीवर हे झाले, तेथे वारली व अन्य आदिवासींचे पाडे आधीपासून होते.

पुढे याच जमिनीवर मेट्रोच्या तिसऱ्या मार्गाचे आगार आले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. एप्रिल २०२३ मध्ये, ८४ झाडांची परवानगी असताना १७७ झाडांसाठी पुढे गेल्याबद्दल त्याच न्यायालयाने मेट्रो महामंडळाला दहा लाख रुपये भरायला लावले. २०२४ पासून त्या मार्गावर गाड्या धावत आहेत. आमच्या घरातील मुले त्यातून कामाला जातात, आणि लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसाचा जीव वाचवणारी प्रत्येक सोय आम्हांला हवीच आहे. मेट्रो नको, असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही आणि हेतूही नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. 'एका झाडाऐवजी दुसरीकडे अमुक झाडे लावू' असे म्हणताना आपण झाडाला हँडल समजतो. त्याचे काम मोजतो आणि ते काम करणारे दुसरे काहीतरी आणून बसवतो. सावली, हवा, मुळांनी धरलेली माती ही झाडाची कामे खरीच. पण ज्याच्या पाड्यावर ते उभे होते, त्याला दुसऱ्या तालुक्यातील रोपाची सावली मिळत नाही. काही वस्तू बदलता येतात, काही केवळ जपता येतात, आणि माणसाच्या बाबतीत तर बदलीचा विचारही अपराध आहे. जेथे 'बदलून देऊ' म्हणायचे तेथे आधी विचारावे: या वस्तूची बाहेरची बाजू कोणाकडे आहे? आत बसलेल्यांनी मांडलेला हिशेब बाहेरच्याने तपासल्यावाचून पुरा होत नाही.

जे दुरुस्त होऊ शकत नाही, त्याच्याशीही काही नाते ठेवता येते. सीप्झच्या कुंपणात कोंडिविट्याच्या जुन्या ख्रिस्तमंदिराच्या भिंती उभ्या आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ साली ते बांधले. १८४० मध्ये साथीमुळे लोकांनी ते गाव सोडले आणि मरोळला नवे मंदिर केले. जुन्या मंदिराला छत पुन्हा मिळाले नाही. तरीही वर्षातून एकदा भाविक तेथे जमतात, उघड्या आभाळाखाली मिस्सा होते. पूर्वजांचा हा ठेवा आम्हांला सांगतो, की टाकून देणे आणि जसेच्या तसे उभे करणे, यांच्यामध्येही आठवण ठेवण्याची एक जागा असते.

त्या तरुणाचा हात बरा झाला. टाक्यांचा वण मात्र राहिला आहे. मूठ पूर्ण वळते, पण थंडीत तळवा दुखतो असे तो सांगतो. हँडलाच्या कानासारखा हा वण कोणी काढून नवा तळवा बसवू शकत नाही. स्नेह्यांनी ते मान्य केले, ही त्यांची थोरवी. त्यांनी आमच्यापाशी एकदाच एवढे म्हटले, "मी तीन वर्षं तिला पावसात उभं केलं. ते मला दिसलं नाही. परक्याचं रक्त सांडलं, तेव्हा दिसलं." यातील 'ती' म्हणजे वहिनी, हे वाचकांना सांगायला नको.

परवा आम्ही त्यांच्यासोबत मिस्सेहून परतत होतो. पाऊस होता. वहिनी पुढे गेल्या, छत्री डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने हँडल ओढले आणि आत जाऊन बसल्या. स्नेही अजून पायऱ्यांवरच होते.

लवकरच नाताळची सफाई सुरू होईल. घराच्या भिंती रंगतील, गोठा उभा राहील, पणत्या आणि तारे लागतील. त्या गडबडीत आपण सर्वांनी एकदा घराबाहेर जाऊन उभे राहावे, दार लावून घ्यावे आणि पाहुण्याने उघडावे तसे ते बाहेरून उघडून पाहावे. जेथे जोर लावावा लागेल, तेथे आधी कुलूप तपासावे.